बुर्जी : अणुबॉम्ब, पट आणि हार-जीत



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा निवृत्त फौजी माणूस आता पोरांच्या गेमबद्दल काय बोलणार? पण विषय पोरखेळाचा नाही. आपल्या घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला अणुबॉम्ब म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकाने फारसे शिकवलेले नसते. ते त्याला गेमने शिकवलेले असते. सीमेवर ताण वाढला की 'एकदाचा टाकून मोकळे व्हा' असे जे सहज म्हटले जाते, त्यामागे एक पट असतो, चौकोन असतात, आणि एक चौकोन उडवला की डाव सोपा होतो ही समजूत असते. ही समजूत कुठून आली, सैन्यांनी स्वतःच्या युद्धखेळांत याच प्रश्नाशी कशी झटापट केली, आणि अण्वस्त्र खेळात आणायचे तर कसे आणावे, एवढे आज बघू.

हे मी खिदिरपूरहून बोलतो आहे. कोलकात्याचा हा गोदीचा भाग. उत्तरेला थोड्या अंतरावर पूर्व कमांडचे मुख्यालय असलेला फोर्ट विल्यम, ज्याला आता आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाचे नाव मिळाले आहे. ही जागा लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

सुरुवात एका आख्यायिकेपासून करू.

'सिव्हिलायझेशन' नावाचा गेम सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली आणला. एक वस्ती वसवायची, शेती, लिपी, चाक, तोफ, रेल्वे असे करत अवकाशयानापर्यंत पोचायचे. समोर संगणक इतर राष्ट्रे चालवतो. त्यांत भारत आहे आणि भारताचे नेते आहेत महात्मा गांधी. जगभरच्या खेळाडूंत गोष्ट पसरली की हे गांधी अचानक अणुबॉम्बची धमकी देतात. कारणही मोठे झकास सांगितले जाई. प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेचा एक आकडा असतो, गांधींचा सगळ्यांत कमी म्हणजे १, लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा होतात, संगणकाला उणे आकडा साठवता येत नाही, म्हणून तो गडगडून थेट २५५ होतो. अहिंसेचा पुजारी एका क्षणात जगातला सर्वांत भांडखोर राजा!

गोष्ट रंजक आहे, पण खोटी आहे. सिड मायर यांनी २०२० साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की असा दोष त्या गेममध्ये नव्हताच. कुठल्याही नेत्याच्या हाती अण्वस्त्रे आली की तो धमकीची तीच ठरावीक भाषा वापरी. गांधींच्या तोंडी ती ऐकून माणूस दचके आणि लक्षात ठेवी, एवढेच. गंमत पुढे आहे. या मालिकेचा पाचवा गेम २०१० मध्ये आला, तेव्हा निर्मात्यांनी दहाच्या मापावर गांधींची अण्वस्त्रांची आवड मुद्दाम १२ ठेवली. विनोद म्हणून. म्हणजे आधी अफवा आली आणि मग अफवेप्रमाणे वस्तू घडवली गेली.

यात गांधींचा अपमान झाला की नाही या वादात मी पडत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अख्ख्या जगाने चर्चा केली ती बॉम्ब कोण टाकतो याची. बॉम्ब पडल्यावर त्या गेममध्ये काय होते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. त्या १९९१ च्या गेममध्ये काय होते? एखाद्या राष्ट्राने 'मॅनहॅटन प्रोजेक्ट' बांधला की पुरेसे विज्ञान असलेल्या सगळ्यांनाच बॉम्ब करता येतो. हा भाग इतिहासाच्या बराच जवळ आहे, ज्ञान एकट्याच्या मुठीत राहत नाही. पण बॉम्ब शहरावर पडला की आतली फौज नष्ट होते, लोकसंख्या निम्मी होते, आजूबाजूला प्रदूषण पसरते. ते प्रदूषण कामगार पाठवून साफ करायचे. काही चालींनंतर शहर पुन्हा धान्य पिकवू लागते. म्हणजे बॉम्ब ही एक महागडी तोफ. बस्स.

गेम करणाऱ्याची अडचण मला समजते. बॉम्ब खराखुरा दाखवला तर डाव तिथेच संपतो आणि चार तास खेळलेला माणूस वैतागतो. खेळता येईल असा दाखवला तर ते खोटे होते. खरेपणा आणि खेळ, दोन्ही एका वेळी सांभाळायचे कसे? हा प्रश्न संगणकाआधीचा आहे, अणुबॉम्बाच्याही आधीचा आहे. तो आमच्या व्यवसायातला, म्हणजे सैन्यातला जुना प्रश्न आहे.

१८२४ साली प्रशियाचा एक तरुण तोफखाना अधिकारी, फोन राइसविट्झ, याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून एक युद्धखेळ पक्का केला. खरा नकाशा, लहान ठोकळे म्हणजे पलटणी, नुकसान ठरवायला फासे आणि तक्ते. दोन्ही बाजूंना एकमेकांचे सगळे दिसू नये म्हणून मध्ये पंच, ज्याला आम्ही अंपायर म्हणतो. प्रशियाच्या सैन्याने तो उचलून धरला. पण नियम वाढत गेले, तक्ते जाड झाले, अर्ध्या तासाची लढाई खेळायला अख्खा दिवस लागू लागला. मग १८७६ च्या सुमारास फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सांगितले, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच जे ठरवील ते मान्य करा. खेळ सुटसुटीत झाला, पण सगळा भार पंचाच्या प्रामाणिकपणावर आला.

पंच दबला तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे मिडवे. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने यामातो या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा युद्धखेळ केला. अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात नऊ बॉम्ब लागून अकागी आणि कागा ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली, असा पंचाने निकाल दिला. खेळावर देखरेख करणारे ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. अकागी नुसते जखमी ठरले. कागा बुडाले खरे, पण मोहिमेच्या पुढच्या टप्प्याच्या खेळात तेही पुन्हा तरंगू लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या समुद्रावर अकागी, कागा आणि आणखी दोन अशी चार विमानवाहू जहाजे तळाला गेली.

आपल्या सैन्यातही सँड मॉडेल असते. वाळूत डोंगर, नदी, रस्ते उभे करायचे, एक बाजू ब्ल्यूलँड, दुसरी रेडलँड. मी तोफखान्याचा माणूस. तिथे शिकलो ते एवढेच, की मॉडेल किती सुबक आहे याला फारसे महत्त्व नसते. सरावाच्या शेवटी 'कोण जिंकले' हे कशावरून ठरवले, याला असते. टेकडी घेतली म्हणून जिंकलो, की टेकडी घेऊन पलटण उद्या लढायच्या लायकीची उरली म्हणून जिंकलो? मोजमाप बदलले की त्याच वाळूवर वेगळी लढाई लढली जाते.

आता या पटावर अणुबॉम्ब ठेवा.

जून १९५५ मध्ये नाटो राष्ट्रांनी पश्चिम युरोपावर 'कार्ट ब्लांश' नावाचा हवाई सराव केला. कागदावर ३३५ अणुबॉम्ब टाकले गेले, त्यांतले बहुतेक जर्मन भूमीवर. प्रश्न लष्करी होता, हवेत वरचढ कोण ठरते. पण हिशेब बाहेर आला तो असा, की सुमारे १७ लाख जर्मन मेले आणि ३५ लाख जखमी झाले, तेही किरणोत्साराने नंतर मरणारे न धरता. पश्चिम जर्मनीत गदारोळ झाला. सेनापतींनी एका प्रश्नाचे उत्तर शोधले होते. जनतेने त्याच कागदात दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर वाचले, 'आमचे रक्षण म्हणजे आमचे हे होणार का?' कागद तोच, आकडे तेच. हार-जीत मोजायची पट्टी वेगळी.

१९६१ मध्ये बर्लिनवरून अमेरिका आणि रशिया समोरासमोर उभे असताना थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने कॅम्प डेव्हिडला बर्लिनच्या पेचाचे डाव मांडले. खेळायला सरकारातले खरे अधिकारी. दिसले असे, की पेच कितीही आवळला तरी ही माणसे युद्ध सुरू करायला तयार होत नाहीत. मग १९८३ च्या जूनमध्ये 'प्राउड प्रॉफेट' हा मोठा अमेरिकी युद्धखेळ झाला. त्यात त्यांचे खरे संरक्षणमंत्री सहभागी होते आणि कागदोपत्री असलेल्या खऱ्याखुऱ्या योजना वापरल्या गेल्या. पॉल ब्रॅकन या अभ्यासकाने पुढे त्याबद्दल लिहिले, की मर्यादित अणुयुद्ध मर्यादित राहिलेच नाही आणि डाव सुमारे पन्नास कोटी मृत्यूंवर जाऊन थांबला.

या दोन प्रसंगांत मला विरोध दिसत नाही. पहिल्यात माणसे पायरीच्या अलीकडे थांबली. दुसऱ्यात पायरी ओलांडल्यावर मध्ये थांबायला जागाच नव्हती. दोन्हींतून एकच कळते, की अण्वस्त्राचा खरा खेळ ते डागण्याच्या आधीचा आहे.

हे ओळखणारे गेमही निघाले. ख्रिस क्रॉफर्ड यांच्या १९८५ च्या 'बॅलन्स ऑफ पॉवर' मध्ये तुम्ही अमेरिका किंवा रशिया. एकमेकांना डोळे वटारायचे, मागे हटायचे किंवा ताणायचे. ताणता ताणता अणुयुद्ध पेटले तर पडद्यावर ना आग ना ढग. काही ओळींचा मजकूर येतो, की युद्ध तुम्ही पेटवलेत आणि अपयशाला आम्ही रोषणाईचे बक्षीस देत नाही. डाव खल्लास. मला या माणसाचे कौतुक वाटते. स्फोट न दाखवण्यातच त्याने स्फोट दाखवला.

दुसरा, २००५ चा 'ट्वायलाइट स्ट्रगल', अनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी केलेला पटावरचा खेळ. शीतयुद्धाचा. बाजूला ५ ते १ अशी एक पट्टी असते. महत्त्वाच्या देशात सत्तापालट घडवायचा प्रयत्न केला की सोंगटी एक घर खाली. या खेळात भारत आणि पाकिस्तान दोन्ही असे महत्त्वाचे देश आहेत. तुमच्या पाळीत सोंगटी १ वर आली की अणुयुद्ध पेटले आणि तुम्ही हरलात, गुण कितीही असोत. पण नुसते शांत बसूनही चालत नाही. प्रत्येक फेरीत काही लष्करी हालचाल केली नाही तर गुण जातात. म्हणजे दोघेही कड्याच्या टोकाशी चालतात आणि दुसऱ्याचा पाय घसरावा म्हणून वाट बघतात. यात एकही बॉम्ब पडत नाही, पण सगळा डाव बॉम्बच्याच सावलीत चालतो.

तिसरा, २००६ चा ब्रिटिश गेम 'डेफकॉन'. यात बॉम्ब पडतातच. काळ्या नकाशावर पांढऱ्या रेषा सरकतात, शहरावर एक ठिपका उजळतो आणि मेलेल्यांचा आकडा लाखांत दिसतो. रक्त नाही. यातली खरी विचार करायला लावणारी गोष्ट आहे गुण मोजण्याची. नेहमीच्या पद्धतीत शत्रूचे दहा लाख मारले की दोन गुण मिळतात, आपले दहा लाख गेले की एक गुण जातो. दुसरी पद्धत निवडली तर फक्त मारलेल्यांचे गुण. तिसरी निवडली तर फक्त आपल्या वाचलेल्यांचे. क्षेपणास्त्रे तीच, नकाशा तोच, घड्याळ तेच. पण पहिल्या पद्धतीत जो खेळाडू सपाटून मारा करतो, तोच तिसऱ्या पद्धतीत आपली शहरे झाकायला धावतो.

माझे म्हणणे एवढ्यात येते. अण्वस्त्राचा खरेपणा ढगाच्या चित्रात शोधू नका. हार-जीत कशी मोजली आहे ते बघा.

आपल्याकडे हे शहाणपण फार जुने आहे. आंतरराष्ट्रीय नियम रुळण्याआधी जे देशी बुद्धिबळ खेळले जाई, त्यात 'बुर्जी' हा शब्द होता. समोरच्याची सगळी मोहरी आणि प्यादी मारली, राजा एकटा उरला, की झाली बुर्जी. डाव तिथेच संपे. पण सगळे मारणाऱ्याला पूर्ण मात मिळत नसे. कुठे तो अर्धा डाव धरत, कुठे बरोबरी. म्हणून कसलेला खेळाडू समोरच्याचे एखादे मोहरे मुद्दाम राखून ठेवी आणि मग मात करी. सगळे चिरडून टाकणे ही कमी प्रतीची जीत मानली जाई. प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. हा नियम ज्याने केला त्याने अणुबॉम्ब पाहिला नव्हता, पण रिकामा पट म्हणजे विजय नव्हे, हे त्याला कळले होते.

आता आपल्या देशाच्या खऱ्या पटाकडे येऊ.

१८ मे १९७४ ला पोखरणला पहिला स्फोट झाला. पण अण्वस्त्रांच्या सावलीत लढायचे कसे, याची उघड लष्करी चर्चा सुरू झाली ती मध्य प्रदेशातल्या महूला. तिथल्या कॉलेज ऑफ कॉम्बॅटचे प्रमुख असताना के. सुंदरजी यांनी १९८१ मध्ये सैनिक आणि नागरी विचारवंतांची मते मागवून निबंध प्रसिद्ध केले. विषय असा, की एका बाजूकडे अण्वस्त्र आहे आणि दुसरीकडे नाही, तर साध्या फौजेच्या धाकाचे काय होते? पुढे त्यांची भूमिका पक्की झाली, की अण्वस्त्रांची मोजदाद रणगाड्यांसारखी करायची नसते. समोरच्याला परवडणार नाही एवढे नुकसान करण्याइतकी ती असली की पुरे, त्याहून जास्त असल्याने सुरक्षितता वाढत नाही. १९९३ मध्ये त्यांनी 'ब्लाइंड मेन ऑफ हिंदुस्तान' ही भारत-पाक अणुयुद्धावरची कादंबरी लिहिली. नाव आंधळे आणि हत्ती या आपल्या जुन्या गोष्टीवरून घेतलेले.

हेच सुंदरजी लष्करप्रमुख असताना, १९८६-८७ च्या हिवाळ्यात, राजस्थानात 'ब्रासटॅक्स' हा प्रचंड युद्धसराव झाला. आपल्या दृष्टीने सराव. पाकिस्तानला तो चढाईची तयारी वाटला, त्यांनी फौजा हलवल्या, मग आपण हलवल्या, आणि जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. बोलणी होऊन फौजा मागे गेल्या. गेममध्ये हे कधी दिसत नाही. तिथे समोरच्याची चाल काय ती स्पष्ट असते. खऱ्या पटावर समोरचा खेळतो आहे की खरेच येतो आहे, हेच कळत नाही. लाहोर ते अमृतसर अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. क्षेपणास्त्राला मिनिटे पुरतात, विचाराला तेवढीही नाहीत. अमेरिका आणि रशियाच्या मापाने शिवलेला गेम आपल्या अंगाला बसत नाही, तो यामुळे.

११ आणि १३ मे १९९८ च्या चाचण्यांनंतर आपण जे धोरण घेतले आणि ४ जानेवारी २००३ ला जाहीर केले, त्यात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, आणि आपल्यावर वापर झाला तर जबर प्रत्युत्तराची ताकीद आहे. गेमच्या भाषेत सांगायचे तर आपण स्वतःची एक चाल जाहीरपणे सोडून दिली. पट्टीचा खेळाडू म्हणेल, हा मूर्खपणा. पण घाईने आपली शस्त्रे उडवली जाण्याआधीच वापरून टाकावीत, ही समोरच्याची भीती यामुळे थोडी कमी होते. आणि समोरच्याची भीती कमी ठेवणे हे आपल्याच रक्षणाचे काम आहे.

भीती हा शब्द आला, म्हणून आता कोलकात्याकडे वळतो. हे शहर भीतीने काय होते ते दोनदा शिकले आहे.

पहिला प्रसंग आपल्याला, मराठी माणसांना, ऐकायला फारसा सुखाचा नाही. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये आल्या. त्यांनी गावे लुटली, जाळली, आणि 'बर्गी' हा शब्द बंगाली आया आजही मुलांना निजवताना उच्चारतात. कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, 'मराठा डिच'. सात मैलांचा बेत, सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. मराठे कोलकात्यावर कधीच आले नाहीत. पण न आलेल्या फौजेने शहराची हद्द आखली. पुढे खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला, तो आजच्या आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्यांच्या रूपाने वाहतो आहे. न वापरलेल्या हत्याराची ताकद ती हीच. मात्र ही ताकद फुकट आली नव्हती. इतरत्र गावे खरोखर जळली होती, म्हणून धाक बसला होता. हिरोशिमा आणि नागासाकी झाले, म्हणून बाकीचे बॉम्ब नुसते ठेवून धाक घालतात.

दुसरा प्रसंग इथला, खिदिरपूरचा. २० डिसेंबर १९४२ च्या रात्रीपासून जपानी विमाने कोलकात्यावर येऊ लागली. बॉम्ब थोडे होते, पण माणसे लाखांनी शहर सोडून गेली. वर्षभराने, ५ डिसेंबर १९४३, रविवार, दिवसाढवळ्या ब्रह्मदेशाकडून आलेल्या विमानांनी खिदिरपूरच्या गोदीवर हल्ला केला. साधे बॉम्ब, अणुबॉम्बाच्या मानाने फटाके. शेकडो माणसे मेली आणि जखमी झाली, बहुतेक गोदी कामगार. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळा आहे, कारण रोजंदारीवर आलेल्या हमालाचे नाव धड कुठल्या वहीत नव्हते. गेममध्ये शहराची लोकसंख्या शेवटच्या माणसापर्यंत अचूक असते. खऱ्या शहरात जे सर्वांत आधी मरतात तेच मोजदादीतून सुटतात.

आणि ते साल कोणते होते बघा. १९४३, बंगालच्या दुष्काळाचे. सरकारी आयोगाने १५ लाख मृत्यू धरले, अभ्यासक ३० लाखांच्या आसपास सांगतात. बॉम्बची धास्ती, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून काढून घेतलेल्या होड्या, शहरातले कारखाने चालू ठेवण्यासाठी वळवलेले धान्य, हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते. बंदर म्हणजे नकाशावरचा चौकोन नव्हे. बंदर म्हणजे हमाल, हमाल म्हणजे तांदूळ, तांदूळ म्हणजे होडी, होडी म्हणजे खेड्यातला नावाडी. एक दोरा तुटला की दूरच्या झोपडीत चूल विझते. बॉम्ब तिथे पडलाच नसला तरी. साध्या बॉम्बच्या युद्धात हे झाले. अणुबॉम्बचा हिशेब शहर निम्मे झाले एवढ्यावर कसा संपेल?

म्हणून आज पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत जी मुले गेम बनवतात, त्यांना एका म्हाताऱ्या तोफखानावाल्याच्या तीन सूचना.

एक. गुण मोजताना आपल्या वाचलेल्या माणसांपासून सुरुवात करा. मारलेल्यांना गुण देऊ नका.

दोन. बुर्जीचा नियम आणा. समोरचा पट साफ केला तर पूर्ण विजय द्यायचा नाही. तह करायला, शरण यायला, आपल्या माणसांना घरी न्यायला समोर कोणीतरी सरकार उरले पाहिजे.

तीन. बॉम्ब पडल्यावर डाव थांबवू नका, आणि दोन चालींत साफही करू नका. त्याच खेळाडूला पुढच्या वीस पाळ्या खेळायला लावा. दवाखाने, रेशन, गोदीवर कामाला न येणारे हमाल, शेजारच्या जिल्ह्यात लोटलेली माणसे, वाऱ्याची दिशा. नुसता 'शेवट' दाखवणे सोपे असते. त्याला 'दुसरा दिवस' दाखवा.

यावर आक्षेप येईल, असला रडका गेम खेळणार कोण? तर पोलंडच्या वॉर्सा शहरातल्या एका कंपनीने २०१४ मध्ये 'दिस वॉर ऑफ माइन' काढला. त्यात तुम्ही सैनिक नाही. वेढ्यात अडकलेल्या शहरातले साधे नागरिक आहात. औषध, लाकूड, डबाबंद अन्न शोधत एकेक रात्र काढायची. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला हा गेम जगभर खपला, आणि २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळकरी मुलांच्या पूरक वाचनाच्या यादीत घातला. दुसरा दिवस खेळता येतो, आणि लोक तो खेळतात.

आता शेवटचे. खऱ्या पटावर बुर्जीच्या जवळ जाणारा एक नियम भारत आणि पाकिस्तानने आधीच मान्य केला आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला दोघांनी करार केला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अशा केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९९ मध्ये कारगिल झाले, पुढच्या जानेवारीत याद्या दिल्या गेल्या. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, फौजा सीमेवर भिडल्या, आणि त्याच आठवड्यांत, १ जानेवारी २००२ ला, याद्या दिल्या गेल्या. बोलणे बंद, क्रिकेट बंद, तरी हा कागद सरकतो. त्यात प्रेम नाही, विश्वासही फारसा नाही. पटावरची काही घरे दोघांनीही न मारता ठेवायची, एवढेच त्यात आहे.

घरात कोणी पोरगा गेम खेळत बसला असेल तर त्याला रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा, 'बाळा, यात जिंकलो हे ठरवतात कसे?' तो काय उत्तर देतो ते नीट ऐका. उद्या मत देणारा, कदाचित गणवेश घालणारा तोच आहे.

जय हिंद.